पूरग्रस्तांसाठी जमवलेले पैसे कुणाच्या हाती द्यायचे?

‘ताई, मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची सचिव आहे. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी सीना नदीच्या पुराच्या बातम्या बघवत नव्हत्या, म्हणून वर्गणी काढली. १,१२,००० रुपये जमले. दिवाळी होऊन गेली तरी पैसे खात्यातच आहेत. एकजण म्हणतात, मुख्यमंत्री सहायता निधीला द्या आणि मोकळे व्हा. दुसऱ्या सभासदांच्या साडूंची बार्शीकडे संस्था आहे, त्यांचा तिच्यासाठी आग्रह. तरुण मुलांना टेम्पो भरून स्वतः जायचंय. आणि ग्रुपवर रोज कुणीतरी एखाद्या संस्थेचा व्हिडिओ आणि क्यूआर कोड टाकतं. इंटरनेटवर शोधलं तर प्रत्येक संस्थेबद्दल कौतुकही सापडतं आणि आरोपही. लोकांनी माझ्या भरवशावर पैसे दिलेत, रात्री झोप लागत नाही. विश्वास कुणावर ठेवायचा? आणि जाता जाता : एका सभासदांचा भाऊ न्यू जर्सीहून ५०० डॉलर पाठवतो म्हणतोय, ते कसे घ्यायचे?’
– सचिव, डोंबिवली

प्रिय सचिवताई,

आधी तुमच्या झोपेबद्दल. उशीर झाला ही टोचणी मनातून काढून टाका. पूर आल्यावर पहिले आठ-दहा दिवस मदतीचा इतका ओघ असतो की डांबरी रस्त्यालगतच्या गावात एकेका घरी दोन-तीन किट पोचतात आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकही जात नाही. मग कॅमेरे परततात, टेम्पो थांबतात, आणि आपलं नक्की काय काय गेलं हे माणसाला तेव्हा कळायला लागतं. करमाळा, परंडा, माढा, मोहोळ या सीनाकाठच्या पट्ट्यात यंदा पिकाबरोबर पिकाखालची काळी मातीही वाहून गेली. कितीतरी शेतांत खालचा मुरूम उघडा पडलाय. तिथे पुन्हा माती भरायची, गाळाने बुजलेली विहीर उपसायची, पडलेला गोठा उभा करायचा, मोटर आणि पाइप नव्याने घ्यायचे, ही कामं पाणी ओसरल्यावरच सुरू होतात आणि पुढच्या मृगापर्यंत चालतात. तुमचे पैसे सप्टेंबरपेक्षा आज जास्त कामाचे आहेत. सभेत हे मोठ्याने सांगा, म्हणजे ‘लवकर कुणालातरी देऊन टाका’ ही घाई कमी होईल. चुकीच्या हातात पैसे जातात ते बहुतेक वेळा या घाईमुळेच.

सार्वजनिक ट्रस्टचे हिशेब तपासण्यात माझं उभं आयुष्य गेलं. त्यामुळे तुम्हाला संस्थांची नावं सांगण्यापेक्षा त्या पारखायच्या कशा ते सांगते. मी सगळ्यात वर एकच प्रश्न ठेवते : पाणी येण्याआधी ही संस्था त्या भागात काम करत होती का, आणि पुढच्या जूनमध्ये ती तिथे असेल का? बाकीचे सगळे कागद मी यानंतर बघते.

का, ते किल्लारीवरून सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावं भुईसपाट झाली. मदत देशभरातून आणि जगभरातून आली, ट्रकच्या ट्रक आले. पण त्या आपत्तीचं खरं काम पुढची पाच-सहा वर्षं चाललं. ५२ गावं नव्या जागी वसवायची होती आणि बाकीच्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती करून ती पुढच्या धक्क्याला टिकतील अशी करायची होती. दुरुस्तीच्या या कामात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. सरकारचे पैसे कधी येणार, कशासाठी येणार, भिंतीला कुठे काय घालायचं, हे त्या घरोघरी समजावून सांगत. त्यातूनच प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था उभी राहिली, आणि २००१ च्या कच्छ भूकंपानंतर याच लातूर-उस्मानाबादच्या बायका गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांना काम शिकवून आल्या. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुलं पुण्याला आणली आणि त्यांची शिक्षणं पुरी केली. एका मुलाचं शिक्षण पुरं करायचं म्हणजे दहा-दहा वर्षं त्याच्यामागे उभं राहणं आलं. तेवढा काळ थांबायची तयारी असलेली संस्था पहिल्या आठवड्यात व्हिडिओत दिसेलच असं नाही.

उलट उदाहरणही सांगते, कारण ‘नाव मोठं आहे, मग काळजी नको’ असं तुमच्या सभेत कुणीतरी म्हणणारच. २०१० च्या हैती भूकंपानंतर अमेरिकन रेड क्रॉसकडे जवळपास ५० कोटी डॉलर जमले. २०१५ मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआर या वृत्तसंस्थांनी तपास केला तेव्हा संस्थेने बांधलेली कायमची घरं निघाली सहा. पैसा तात्पुरता निवारा, पाणी, आरोग्य अशा इतर कामांवर खर्च झाला, असं संस्थेचं म्हणणं होतं. चोरी झाली असा तो आरोप नव्हताच. तिथली भाषा बोलणारी, तिथल्या जमिनीच्या भानगडी ओळखणारी माणसं संस्थेकडे पुरेशी नव्हती. म्हणून बराच पैसा दुसऱ्या संस्थांमार्फत गेला आणि प्रत्येक टप्प्यावर त्यातून व्यवस्थापनाचा खर्च वजा होत गेला. ताई, पूरग्रस्तांसाठी पैसे मागणाऱ्या संस्थेला हाच प्रश्न विचारा : तुम्ही स्वतः काम करता की पुढे दुसऱ्या कुणाला देता? पुढे देत असतील तर त्या ‘दुसऱ्या कुणा’शीच थेट बोला.

आता साडूंची संस्था. याबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या चार पर्यायांतला हाच सगळ्यात चांगला ठरू शकतो आणि सगळ्यात वाईटही.

बार्शी-परंडा भागातली संस्था असेल तर माझ्या पहिल्या प्रश्नातली ती निम्मी उतरली. पण ओळखीच्या माणसाची संस्था तपासायला आपल्याकडे लोक लाजतात. ‘आता त्यांच्याकडे हिशेब मागायचा का?’ असं वाटतं. मागायचा. चांगली संस्था हिशेब मागितल्यावर खूश होते, कारण बहुतेक देणगीदार तो कधी मागतच नाहीत. सभेत एवढंच म्हणा : ‘पैसे माझे एकटीचे नाहीत, सगळ्या सोसायटीचे आहेत. म्हणून जी कुठली संस्था ठरेल तिच्याकडून आपण हेच कागद घेऊ.’ सगळ्यांना एकच नियम लावला की कुणाचा अपमान होत नाही. ज्या सभासदांचे साडू तिथे आहेत त्यांनी माहिती द्यावी, निर्णयात मत देऊ नये. हे त्यांना आधी एकटं गाठून सांगा, भर सभेत नको.

कागद कुठले? महाराष्ट्रातल्या संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, तो क्रमांक पावतीवर छापलेला असतो. नोंदलेला ट्रस्ट नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम ४१-सी खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांकही बऱ्याच संस्था ठळकपणे छापतात. मात्र तो म्हणजे सरकारने दिलेलं प्रशस्तिपत्रक नव्हे, संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीची ती नोंद आहे. एवढ्यावर समाधान मानू नका. नोंदणी खरी आहे एवढंच यातून कळतं. काम कसं आहे ते हिशेबातून कळतं.

म्हणून गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागा. घाबरू नका, त्यात बघायच्या जागा मोजक्याच आहेत. आपल्या कायद्यात ट्रस्टचा जमाखर्च शेड्यूल नऊमध्ये देतात आणि ताळेबंद शेड्यूल आठमध्ये. शेड्यूल नऊमध्ये खर्चाच्या बाजूला ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ असा भाग असतो आणि त्याचे पोटभाग पाडलेले असतात : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य आणि इतर धर्मादाय कामं. त्याच पानावर आस्थापना खर्च वेगळा दिसतो. समजा संस्था म्हणतेय की २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात आम्ही मोठं काम केलं. मग ३१ मार्च २०२० अखेरच्या हिशेबात तो खर्च दिसायलाच हवा. त्या वर्षी देणग्या एकदम वाढलेल्या आणि उद्दिष्टांवरचा खर्च मात्र आधीच्या वर्षाइतकाच असेल, तर उरलेले पैसे कुठे गेले ते शेड्यूल आठमध्ये शोधा. विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेल्या निधीत ते दिसतील. पुढच्या वर्षीही आकडा तोच असेल तर फोन करून विचारा.

हे एवढं बारीक सांगते आहे कारण मी तसं प्रत्यक्ष पाहिलंय. एका ट्रस्टकडे एका पुराच्या वेळी भरपूर पैसे आले. विश्वस्त सगळे मानमरातबाचे, एक पैसाही कुणी खाल्ला नाही. दोन वर्षांनी मी हिशेब बघितला तेव्हा पुराचे पैसे मुदत ठेवीत होते. कारण विचारलं तर ‘योग्य प्रकल्प मिळाला नाही’. ज्यांच्या नावाने ते पैसे मागितले होते त्या घरांनी तोवर सावकाराकडून कर्ज काढून भिंती उभ्या केल्या होत्या. प्रामाणिक माणसांकडूनही असं होतं, त्याचा मला अजून राग आहे.

आणि त्याच सुमारास एका लहानशा संस्थेची फाइल माझ्या टेबलावर होती. संगणकाचा पत्ता नाही, सगळी व्हाउचरं हाताने लिहिलेली. शेळ्या वाटल्या होत्या. प्रत्येक शेळीमागे एक ओळ : कुणाला दिली, कुठल्या बाजारात घेतली, किती रुपयांना, कानात बिल्ला कुठल्या नंबरचा, पुढे सही किंवा अंगठा, आणि शेजारी दोन साक्षीदार, त्यातली एक बाई. शेवटच्या पानावर पेनने लिहिलं होतं की अमुक तीन शेळ्या महिन्याभरात मेल्या, त्याबद्दल दुसऱ्या दिल्या, खर्च एवढा. मेलेल्या शेळ्या हिशेबात लिहिणाऱ्या संस्थेला मी डोळे मिटून पैसे देईन.

कागद झाले की फोन करा, आणि अध्यक्षांना करू नका. गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा किंवा कार्यकर्तीचा नंबर मागा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच समजून घ्या. तिच्याशी बोलताना ‘तुम्ही काय काय केलं?’ हे विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. ‘मदत कुणाला द्यायची ती यादी कशी केली?’ हे विचारा. सरपंचांनी दिली असं उत्तर आलं तर पुढे विचारा की तिचं चावडीवाचन झालं का. यादी गावात सगळ्यांसमोर वाचली की, ज्याचं काहीच गेलं नाही त्याचं नाव लोक तिथल्या तिथे काढायला लावतात आणि गाळलेलं नाव घालायला लावतात. ज्या संस्थेला हे भांडण अंगावर घ्यायचं नसतं, तिची मदत गावातल्या वजनदार घरांपाशीच अडकून राहते. मग विचारा, ‘यादीतून कोण सुटलं?’ मन लावून काम करणारी बाई हा प्रश्न ऐकला की दहा मिनिटं थांबत नाही. शाळेमागची पालावरची घरं, आजोळी राहणारी मुलं, नवऱ्याने टाकलेली आणि जमिनीवर नाव नसलेली सून, सगळं ती तुम्हाला सांगेल. ‘कुणीच सुटलं नाही’ असं उत्तर आलं तर मला शंका येते.

या सुटलेल्या माणसांमुळेच तर तुमच्या पैशांना किंमत आहे. राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि ३ लाखांपर्यंतचं काम रोजगार हमीतून, असं त्यात आहे. तुमच्या लाखभर रुपयांनी त्याच्याशी बरोबरी होणार नाही आणि करायचीही नाही. पण जमिनीच्या नुकसानीचा पैसा सातबारावरच्या नावाने येतो. बटईने कसणाऱ्याचं नाव सातबारावर नसतं. शेतमजुराची बुडालेली मजुरी पंचनाम्यात येत नाही. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेलं कुटुंब वाटपाच्या दिवशी गावातच नसतं. ज्या संस्थेकडे या लोकांची वेगळी यादी आहे, तिच्याकडे तुमचे १,१२,००० रुपये वीस-पंचवीस घरांना खरोखर पुरतील.

फोनवर आणखी एक ऐका : ती संस्था कधी ‘नको’ म्हणते का. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जगभर पैशांचा पूर लोटला होता. तेव्हा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय संस्थेने आठवडाभरातच जाहीर केलं, त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसे पैसे मिळाले, यापुढे या कामासाठी देऊ नका. इतर संस्थांना ते आवडलं नाही. मला मात्र विश्वास म्हटला की तीच संस्था आठवते. साडूंच्या संस्थेला विचारा, ‘एवढ्या रकमेत तुम्ही काय करणार नाही?’ ‘घरं आम्ही बांधत नाही, ते आमचं काम नाही, आम्ही शेळ्या आणि शिवणयंत्रं देतो’ असं कुणी स्पष्ट सांगितलं तर मन निश्चिंत होतं. धान्य, घरं, शिक्षण, आरोग्य, मानसोपचार सगळंच करतो म्हणणाऱ्यांकडे माणसं किती आहेत ते विचारा.

एका गोष्टीवरून मात्र संस्थेला नापास करू नका. ‘तुमच्या रुपयातला शंभर टक्के वाटा पूरग्रस्तांना’ ही जाहिरात तुमच्या सभासदांना आवडेल आणि ‘दहा-पंधरा टक्के व्यवस्थापनाला लागतात’ असं सांगणारी संस्था खटकेल. माझा अनुभव उलटा आहे. यादी करायला माणूस लागतो, त्याला पगार लागतो, गाडीत डिझेल लागतं, हिशेबनीस लागतो. हा खर्च कुठून करता असं शंभर टक्केवाल्यांना विचारा. ‘एका उद्योगपतींनी तो भार उचललाय’ असं खरं उत्तर मिळालं तर उत्तम. गप्प बसले तर तो खर्च दुसऱ्या कुठल्यातरी नावाखाली दडवलेला असतो, आणि हिशेबात दडवादडवी सुरू झाली की ती तेवढ्यावर थांबत नाही.

मुख्यमंत्री सहायता निधीबद्दल. त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पावती रीतसर मिळते, पैसे बँकेत जमा होतात. पण हा निधी इतर आपत्तींसाठी आणि गरीब रुग्णांच्या उपचारांसाठीही वापरला जातो. तुमचे पैसे सीनाकाठच्या कुठल्या घरापर्यंत पोचले हे तुम्हाला कधी कळणार नाही. सगळे कागद बघून झाल्यावरही सभेत भांडण मिटलं नाही, तर मात्र खुशाल तिथे द्या. पैसे आणखी चार महिने पडून राहण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

टेम्पोबद्दल मुलांचं मन मोडू नका, पण त्यांना थांबवा. त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. कोळी कुटुंबांनी त्यांना हात लावला नव्हता. फाटकं, दुसऱ्याच्या घामाचं कुणी का घालावं? गूंज या दिल्लीच्या संस्थेने पुढे त्या ढिगांतलं कापड धुऊन, निवडून वापरात आणलं, तेव्हा कुठे त्याचं चीज झालं. सोसायटीत ‘घरातलं जुनं काढून द्या’ अशी चिठ्ठी लागली असेल तर आजच काढा. वस्तूच द्यायच्या असतील तर संस्थेला विचारून यादी घ्या आणि खरेदी परंड्याच्या किंवा बार्शीच्या बाजारात करा. तिथल्या दुकानदाराच्या गोदामातही पाणी शिरलं होतं, त्याचाही धंदा बसलाय. मुलांना जायचंच असेल तर मे महिन्यात, संस्थेला सोयीचं असेल तेव्हा, आठवडाभर राहून शाळेची भिंत रंगवायला किंवा बांधावर काम करायला जाऊ दे. मुलांसोबत एक मोठं माणूस द्या.

क्यूआर कोडचं थोडक्यात. ग्रुपवर फिरत आलेल्या कोडवर एक रुपयाही पाठवू नका, मग तो पाठवणारा तुमचा सख्खा भाऊ असला तरी. २०२० मध्ये पीएम केअर्सचा खरा यूपीआय आयडी ‘पीएमकेअर्स’ असा होता आणि भामट्यांनी शेवटचा एक ‘एस’ गाळून दुसरा बनवला होता. एवढ्याशा फरकाने फसवणूक होते. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून खाते क्रमांक घ्या, तो फोनवर एकदा पडताळा, आणि पैसे भरताना खातेदाराचं जे नाव पडद्यावर येतं ते संस्थेचं आहे ना बघा. एखाद्या व्यक्तीचं नाव आलं की तिथेच थांबा. कुणाचे पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करायला सांगा, पहिले काही तास मोलाचे असतात. लोकवर्गणीच्या ऑनलाइन मंचावरून देणार असाल तर पैसे भरताना आधीच खूण करून ठेवलेली ‘टिप’ नीट बघा. ती मंचाला जाते, पूरग्रस्तांना जात नाही.

करसवलतीबद्दल कुणीतरी विचारणारच. सोसायटीच्या खात्यातून गेलेल्या रकमेची पावती सोसायटीच्या नावाने येते, सभासदांना तिचा उपयोग नाही. ज्यांना देणगीवरची आयकर सवलत (१९६१ च्या कायद्यातलं ८०-जी कलम) हवी आहे त्यांनी पुढच्या वेळी थेट संस्थेला द्यावं. जुनी करप्रणाली निवडलेल्यांनाच ती मिळते, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि त्यासाठी संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र यावं लागतं. नव्या करप्रणालीत असलेल्यांनी हा विषयच सोडून द्यावा.

रक्कम सगळ्यांना खूश करायला चार ठिकाणी वाटू नका. अठ्ठावीस-अठ्ठावीस हजारांत एकाही ठिकाणी धड काम उभं राहत नाही आणि चार ठिकाणचा हिशेब तुमच्या गळ्यात पडतो. एक संस्था ठरवा आणि तिला पत्र द्या : ही रक्कम सप्टेंबर २०२५ च्या पुरातल्या, सरकारी मदतीतून सुटलेल्या कुटुंबांच्या उपजीविकेसाठी आहे. शेळी घ्यायची की मोटर की शिलाई मशीन, ते तुम्ही त्या कुटुंबाला विचारून ठरवा. जूनअखेर एक पान हिशेब पाठवा. फोटो मागू नका. २०१९ च्या पुरात सरकारी धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो चिकटवले होते तेव्हा आपल्या सगळ्यांना संताप आला होता. आपल्या सोसायटीच्या नावाचा फलक धरून एखाद्या आजीला उभं करणं हे त्याहून वेगळं नाही. ज्या माणसाचं घर गेलंय त्याला त्याच्या वाईट दिवसांत कॅमेऱ्यासमोर हसायला लावायचा आपल्याला अधिकार नाही. संस्थेने आपणहून असे फोटो पाठवले तर पुढच्या वेळी नको म्हणून कळवा.

राहिले न्यू जर्सीचे ५०० डॉलर. ते सोसायटीच्या खात्यात अजिबात घेऊ नका. भावाचा पासपोर्ट भारतीय असेल तर प्रश्न सोपा आहे. तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत कुठल्याही नोंदणीकृत संस्थेला देऊ शकतो. संस्था त्याच्या पासपोर्टची प्रत मागेल, ती त्याने द्यावी. तो अमेरिकी नागरिक झाला असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असलं तरी कायद्याच्या दृष्टीने ते परकीय योगदान होतं. ते फक्त एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच चालतं, आणि तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच जमा व्हावं लागतं. लहान संस्थांकडे ही नोंदणी बहुधा नसते, आणि २०२० नंतर नोंदणी असलेली संस्था परकीय पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देऊही शकत नाही. ‘पाठव रे, आपण इकडे बघून घेऊ’ असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी ऐकू नका, अडचणीत ती बार्शीची संस्था येईल. मुख्यमंत्री सहायता निधीला २०२५ मध्ये ही परवानगी मिळाली आहे, भावाला तो एक सरळ मार्ग आहे. तेव्हा त्याला आधी एवढंच विचारून घ्या, पासपोर्ट कुठला?